प्ले स्टोअर ‘कनेक्शन नाही’ म्हणते तेव्हा: दोष कुठे आहे ते शोधण्याची आणि दूर करण्याची पद्धत

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येत-जात असतात, रिचार्ज संपलेले नसते, फोनच्या माथ्यावर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असतात. आणि तरीही गूगल प्ले स्टोअर उघडले की पांढऱ्या पडद्यावर गोल चक्र फिरत राहते व शेवटी कनेक्शन तपासून पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना येते. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या बहुतेकांना हा प्रसंग कधी ना कधी आलेला असतो. अशा वेळी काही जण फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करत बसतात, तर काही जण तो दुरुस्तीच्या दुकानात नेतात आणि तिथे सरळ ‘फॅक्टरी रिसेट’ केला जातो, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा कोरा केला जातो. त्याने प्ले स्टोअर पुष्कळदा सुरू होते हे खरे, पण बॅकअप न घेतलेले फोटो, जुनी संभाषणे आणि बँकेच्या अ‍ॅपची नोंदणी हे सारे त्याच्याबरोबर जाते. वास्तविक या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ साधे उपाय आहेत. ते करण्यापूर्वी दोष नेटवर्कमध्ये आहे, फोनमध्ये आहे, गूगल खात्यात आहे की थेट गूगलच्या बाजूला आहे, एवढे ठरवून घेतले की निम्म्याहून अधिक काम झालेले असते.

पडद्यावरच्या सूचनेवर मात्र फार विसंबू नये. प्ले स्टोअर हे आपल्याला एकच अ‍ॅप वाटत असले तरी त्याच्यामागे आणखी काही घटक काम करत असतात. खात्याची ओळख पटवण्याचे काम ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ करते, फायली उतरवून घेण्यात ‘डाउनलोड मॅनेजर’चा हात असतो, आणि या सर्वांच्या आधी फोनला गूगलच्या सर्व्हरचा पत्ता डीएनएसकडून, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडून, मिळवून त्याच्याशी सुरक्षित जोडणी करावी लागते. या साखळीतली कोणतीही कडी तुटली तरी प्ले स्टोअरला उत्तर मिळत नाही, आणि उत्तर मिळाले नाही की ते नेटलाच दोष देऊन मोकळे होते. ‘डीएफ-डीएफईआरएच-०१’ किंवा ‘आरएच-०१’ यांसारखे संकेतही सर्व्हरकडून अपेक्षित उत्तर आले नाही, यापलीकडे फारसे काही सांगत नाहीत. म्हणून संकेताचा अर्थ शोधण्यात तास घालवण्यापेक्षा पुढच्या दोन चाचण्या कराव्यात.

दोन मिनिटांच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी अशी की, त्याच फोनवर, त्याच नेटवर क्रोम किंवा दुसरा ब्राउझर उघडून प्ले स्टोअरचे संकेतस्थळ, म्हणजे ‘प्ले डॉट गूगल डॉट कॉम’, उघडून पाहावे. पत्ता टाइप केल्यावर फोन आपल्याला परत अ‍ॅपमध्येच ढकलत असेल, तर ते ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) टॅबमध्ये उघडावे. संकेतस्थळ व्यवस्थित उघडले, तर नेट आणि गूगलचे सर्व्हर दोन्ही बहुतांशी ठीक आहेत आणि दोष फोनमधल्या अ‍ॅपचा किंवा खात्याचा आहे असे धरून चालावे. उघडले नाही, तर क्रोम काय कारण सांगतो ते नीट वाचावे, कारण तो प्ले स्टोअरपेक्षा अधिक स्पष्ट बोलतो.

दुसऱ्या चाचणीत नेट बदलावे. वाय-फायवर असाल तर ते बंद करून मोबाइल डेटा सुरू करावा आणि मोबाइल डेटावर असाल तर घरातल्या दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घ्यावा. नेट बदलताच प्ले स्टोअर चालू झाले, तर फोनच्या सेटिंगला हात लावण्याचे काही कारण उरत नाही. दोष पहिल्या नेटमध्येच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप चालते म्हणजे नेट ठीक आहे, हा युक्तिवाद या कामी उपयोगाचा नाही. आपल्याकडच्या बहुतेक पॅकमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी अशी मर्यादा असते आणि ती संपली की नेट बंद होत नाही, तर त्याचा वेग ६४ केबीपीएसपर्यंत खाली येतो. हे किलोबिट असल्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट माहिती येते. चार शब्दांचा निरोप त्यातून सहज जातो. पण ५० एमबीचे अ‍ॅप उतरवायला याच वेगाने पावणेदोन तास लागतील, आणि त्याच्याही आधी प्ले स्टोअरचे चित्रांनी भरलेले पहिले पानच वेळेत न आल्यामुळे ‘कनेक्शन नाही’ असे दिसेल. म्हणून संध्याकाळनंतर असा त्रास होत असेल, तर सर्वात आधी आपल्या मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा तिच्याकडून आलेल्या एसएमएसमध्ये त्या दिवसाचा किती डेटा शिल्लक आहे ते पाहावे. पुष्कळ पॅकमध्ये ही मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते, त्यामुळे घाईचे काम नसेल तर सकाळपर्यंत थांबणे हाच येथे खरा उपाय आहे.

दोष नेटवर्कमध्ये असेल तर

घरच्या वाय-फायवर कोणत्याच फोनमध्ये प्ले स्टोअर उघडत नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू करावा. एवढ्याने भागले नाही आणि बाकीची काही संकेतस्थळे मात्र उघडत असतील, तर राउटरच्या किंवा फोनमधल्या त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता देऊन पाहावा. यातला पहिला पत्ता गूगलच्या आणि दुसरा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक सेवेचा आहे. तो टाकताना अंक अर्थातच इंग्रजीत द्यावे लागतात.

रेल्वे स्थानक, हॉटेल किंवा रुग्णालयाच्या मोफत वाय-फायची गोष्ट थोडी निराळी आहे. भारतीय रेल्वेच्या स्थानकांवर रेलटेल या सरकारी कंपनीने गूगलच्या सहकार्याने दिलेली ही सोय जानेवारी २०१६ मध्ये सर्वप्रथम मुंबई सेंट्रल स्थानकावर सुरू झाली, आणि पुढे गूगल त्यातून बाहेर पडल्यावरही रेलटेलने ती चालू ठेवली. अशा ठिकाणी फोन वाय-फायला जोडला गेल्याचे दिसत असले, तरी मोबाइल नंबर आणि ओटीपी देण्याचे पान भरून होईपर्यंत बाहेरचे नेट खुले होत नाही. जोडणी झाल्यावर अँड्रॉइड गूगलच्या एका ठरावीक पत्त्याकडे छोटीशी विचारणा करतो आणि तिथून रिकामे उत्तर येण्याऐवजी भलतेच पान आले, की ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. ती सूचना आपण बोटाने बाजूला सारलेली असते आणि मग प्ले स्टोअरवर चिडत बसतो. त्या वाय-फायच्या नावावर पुन्हा टिचकी मारली की पान उघडते.

कार्यालयात किंवा महाविद्यालयात हाच त्रास होत असेल, तर तेथील फायरवॉल, म्हणजे नको ती जोडणी अडवणारी यंत्रणा, हे कारण असण्याची शक्यता दाट आहे. प्ले स्टोअरला नेहमीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टशिवाय (पोर्ट म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याचे क्रमांकित दार) ५२२८, ५२२९ आणि ५२३० हे पोर्टही लागतात. नेटवर्क सांभाळणाऱ्या व्यक्तीला ‘प्ले स्टोअर चालत नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा हे क्रमांक सांगून ते खुले आहेत का असे विचारले, तर काम लवकर होते. ते मुद्दाम बंद ठेवलेले असतील, तर मात्र घरी जाऊन अ‍ॅप उतरवावे.

यानंतर फोनच्या नेटवर्क सेटिंगकडे वळावे. माझ्या पाहण्यात तरी सर्वात जास्त घोळ ‘प्रायव्हेट डीएनएस’ या पर्यायाने घातलेला आहे. फोनने कोणता डीएनएस वापरायचा ते ठरवणारी ही सोय २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये आहे. जाहिराती बंद करण्याची युक्ती म्हणून कोणीतरी व्हिडिओमध्ये सांगितलेला एखादा पत्ता लोक तिथे भरतात आणि विसरून जातात. पुढे तो सर्व्हर बंद पडतो, त्याचे नाव बदलते, किंवा तो जाहिरातींबरोबर गूगलचे काही आवश्यक पत्तेही अडवू लागतो. तिथे ठरावीक नाव भरलेले असेल, तर फोन दुसऱ्या डीएनएसकडे वळतच नाही, त्यामुळे वाय-फाय बदला की सिम बदला, दोष तसाच राहतो. सेटिंग्ज उघडून नेटवर्क किंवा कनेक्शन या विभागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधावे आणि ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावे. हा पर्याय सापडत नसेल, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत त्याचे नाव लिहावे. प्रत्येक कंपनीने तो वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेला आहे.

माथ्यावरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह दिसत असेल, तर व्हीपीएन, म्हणजे आपले नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून वळवणारी सोय, चालू आहे असे समजावे आणि ते बंद करून पाहावे. जाहिराती अडवणारी काही अ‍ॅपसुद्धा व्हीपीएनच्याच मार्गाने काम करतात. ‘डेटा सेव्हर’ चालू असेल तर तोही बंद करावा, किंवा त्यातील सवलतीच्या यादीत प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस यांचा समावेश करावा.

मोबाइल डेटावर कोणतेच अ‍ॅप चालत नसेल आणि वाय-फायवर सारे ठीक असेल, तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमधला एपीएन, म्हणजे मोबाइल कंपनीच्या नेटशी फोन जोडणारे नाव, तपासावा. जिओसाठी तो ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ आणि एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ असा असतो. हाताने भरत बसण्यापेक्षा त्याच पानावरच्या तीन ठिपक्यांमधून ‘रिसेट टू डिफॉल्ट’ निवडणे बरे.

तारीख आणि वेळ

हा उपाय जवळजवळ प्रत्येक यादीत असतो, पण त्याचे कारण फारसे कोणी सांगत नाही, आणि कारण कळले नाही की माणूस तो करायचा टाळतो. फोन गूगलच्या सर्व्हरशी बोलू लागतो तेव्हा सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्या प्रमाणपत्रावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे याची नोंद असते, आणि गूगलची अशी प्रमाणपत्रे साधारण तीनेक महिन्यांच्याच मुदतीची असतात. फोनचे घड्याळ वर्षभर पुढे असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र केव्हाच बाद झालेले असते, आणि घड्याळ मागे असेल तर ते अजून लागूच झालेले नसते. दोन्ही बाबतींत फोन जोडणी नाकारतो, आणि ते योग्यच आहे. कारण खोट्या सर्व्हरपासून आपला बचाव याच तपासणीने होतो.

आमच्या घरातला एक जुना टॅब असाच दोन दिवस अडून बसला होता. राउटर बदलून झाला, कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) साफ करून झाली, आणि मग सहज क्रोम उघडल्यावर त्याने घड्याळ पुढे असल्याचे पहिल्याच पानावर सांगितले. एका खेळातले ‘जीव’ लवकर भरून यावेत म्हणून भाच्याने तारीख पुढच्या वर्षात नेऊन ठेवली होती. दहा सेकंदांचे काम होते.

सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ या विभागात जाऊन वेळ आपोआप ठरवण्याचा आणि टाइम झोन आपोआप ठरवण्याचा असे दोन्ही पर्याय चालू करावेत. फक्त वेळ बरोबर दिसणे पुरेसे नाही. अमेरिकेहून किंवा आखातातून परतलेल्या व्यक्तीने टाइम झोन तसाच ठेवून काटे तेवढे हाताने फिरवले, तर पडद्यावर भारतीय वेळ दिसते, पण फोनचा आतला जागतिक वेळेचा हिशेब काही तासांनी चुकलेला राहतो. भारतात टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० असाच दिसला पाहिजे.

दोष फोनमधल्या अ‍ॅपचा असेल तर

संकेतस्थळ उघडते पण अ‍ॅप उघडत नाही, अशी स्थिती असेल तर पुढील उपाय दिलेल्या क्रमानेच करावेत आणि प्रत्येकानंतर प्ले स्टोअर उघडून पाहावे. आधी सेटिंग्जमधील अ‍ॅपच्या यादीतून गूगल प्ले स्टोअर उघडून ‘फोर्स स्टॉप’ करावे. नंतर त्याच्याच ‘स्टोरेज’ विभागात ‘क्लिअर कॅशे’ करावे. यात काहीही गमावले जात नाही. तरीही फरक पडला नाही, तर ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ करावे. या शब्दांनी पुष्कळ जण घाबरतात, पण याने फोनवरची अ‍ॅप किंवा त्यांतील माहिती जात नाही. जाते ती फक्त प्ले स्टोअरची स्वतःची सेटिंग. मुलांसाठी लावलेले निर्बंध किंवा खरेदीपूर्वी पासवर्ड विचारण्याची अट ठेवलेली असेल, तर ती मात्र आठवणीने पुन्हा लावावी लागते.

यानंतर गूगल प्ले सर्व्हिसेसची फक्त कॅशे साफ करावी. तिचा संपूर्ण डेटा पुसण्याची घाई करू नये, कारण तिच्यावर फोनमधल्या इतर अनेक सेवा अवलंबून असतात. ‘गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क’ नावाचा आणखी एक घटक यादीत दिसतो आणि त्याचाही डेटा पुसण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मी देणार नाही. त्यात फोनची गूगलकडे असलेली ओळख साठवलेली असते, ती बदलली की इतर अ‍ॅपच्या सूचना येणे थांबण्यासारखे नवे त्रास उद्भवतात. त्याऐवजी प्ले स्टोअरच्या माहिती पानावर वरच्या तीन ठिपक्यांमधून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ निवडावे. प्ले स्टोअर त्याच्या मूळ आवृत्तीवर जाते आणि नेट मिळताच स्वतःहून पुन्हा अद्ययावत होते. एखादे अपडेट अर्धवट उतरले असेल, तर या उपायाने हमखास गुण येतो.

फोन ‘हलका’ करण्याच्या नादात कोणी डाउनलोड मॅनेजर किंवा प्ले सर्व्हिसेस बंद करून ठेवलेले नाही ना, हेही पाहावे. असे घटक अ‍ॅपच्या यादीत ‘डिसेबल्ड’ म्हणून दिसतात.

‘डाउनलोड पेंडिंग’ अशी सूचना येऊन अ‍ॅप तिथेच थांबले असेल, तर तो बहुतेक वेळा कनेक्शनचा दोष नसतोच. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून सेटिंग्जमधील नेटवर्क प्राधान्याच्या विभागात पाहावे. अ‍ॅप फक्त वाय-फायवरच उतरवावीत अशी निवड तिथे केलेली असेल, तर मोबाइल डेटावर काही उतरणार नाही. एकाच वेळी वीस-पंचवीस अ‍ॅपची अपडेट रांगेत असतील, तर ती थांबवावीत. फोनमध्ये किमान एखादा जीबी जागाही मोकळी हवी.

दोष खात्यात असेल तर

लॅपटॉपवर गूगल खात्याचा पासवर्ड बदलल्यानंतर फोनवर प्ले स्टोअर अडू लागले असेल, तर फोनला पुन्हा साइन इन हवे आहे. तशी सूचना आलेली असेल तर तिच्यावरून पासवर्ड द्यावा. ती आली नसेल, तर सेटिंग्जच्या खाते विभागातून गूगल खाते काढून पुन्हा जोडावे लागते.

खाते काढण्याच्या आधी मात्र थांबून एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे त्या खात्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक आहे का. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरचे खाते पुष्कळदा फोन घेताना दुकानातल्या मुलाने घाईघाईत काढून दिलेले असते. पासवर्ड त्यालाही आठवत नसतो, आणि पुनर्प्राप्तीसाठी दिलेला नंबर जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असतो. असे खाते एकदा फोनवरून निघाले की परत मिळवणे फार अवघड जाते. म्हणून खाते फोनवर चालू असतानाच पुनर्प्राप्तीचा नंबर बदलावा, पासवर्ड नवा करून वहीत लिहून ठेवावा, संपर्क आणि फोटो सिंक झाल्याची खात्री करावी, आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

आपल्या हातात नसलेली कारणे

कधी कधी दोष खरोखरच पलीकडचा असतो. १४ डिसेंबर २०२० रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास गूगलची खाते ओळखणारी यंत्रणाच जगभर बंद पडली आणि जीमेल, यूट्यूबसह साइन इन लागणाऱ्या सेवा सुमारे पाऊण तास ठप्प झाल्या. त्या पाऊण तासात ज्यांनी कॅशे पुसली, खाते काढले किंवा फोन रिसेट केला, त्यांनी स्वतःचे काम तेवढे वाढवून घेतले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर असलेल्या दोन-तीन फोनमध्ये एकाच वेळी तीच अडचण दिसत असेल, तर तासभर काहीही करू नये. प्रशासनाच्या आदेशाने एखाद्या भागात मोबाइल इंटरनेट बंद असेल तेव्हाही हेच लागू पडते.

फोन फारच जुना असेल, तर कोणत्याही सेटिंगचा उपयोग होत नाही. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनवर गूगल खात्यात साइन इन करण्याची सोय २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद झाली, आणि अँड्रॉइड ४.४ साठीच्या प्ले सर्व्हिसेसचे अपडेट ऑगस्ट २०२३ पासून थांबले. हुआवेच्या २०१९ नंतरच्या नव्या फोनमध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे प्ले स्टोअर मुळातच नसते.

एखादे अ‍ॅप ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असे म्हणत असेल, तर तोही कनेक्शनचा प्रश्न नव्हे. परदेशी स्थायिक झालेल्यांना भारतीय बँकेचे अ‍ॅप शोधताना हे वारंवार दिसते. प्ले स्टोअरमधला देश वर्षातून एकदाच बदलता येतो, त्यामुळे एका अ‍ॅपसाठी तो बदलण्यापूर्वी विचार करावा.

प्ले स्टोअर चालत नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली किंवा अनोळखी संकेतस्थळावरची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट बसवायची, फाइल घेऊन काम भागवू नये. तसेच इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करू नये. पलीकडचा माणूस आपल्या फोनचा पडदा त्याला दिसू देणारे अ‍ॅप टाकायला सांगतो आणि पुढे बँक खात्यापर्यंत पोचतो. असे काही घडलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

वरचे सारे करूनही उपयोग झाला नाही, तर फॅक्टरी रिसेटच्या आधी ‘रिसेट नेटवर्क सेटिंग्ज’ हा सौम्य पर्याय वापरून पाहावा. त्यात साठवलेले वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या तेवढ्या जातात. फॅक्टरी रिसेट करायचाच ठरला, तर बॅकअप घेऊन तो सेटिंग्जमधूनच करावा. दुकानात अनेकदा तो बंद फोनची बाजूची बटणे दाबून केला जातो, आणि अँड्रॉइड ५.१ पासूनचे बहुतेक फोन अशा रिसेटनंतर चोरीचा संशय धरून आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतात. तो दिल्याशिवाय फोन पुढे सरकत नाही, मग त्यात प्ले स्टोअर असो वा नसो.